खालच्या काठाची परवानगी

शिकारीची परवानगी मागायला दारात येणाऱ्या माणसाला माझं पहिलं सांगणं असं, की बाबा रे, जेवायच्या वेळेला येऊ नकोस. दुसरं, गाडीत बसून हॉर्न वाजवू नकोस. उतर, दार ठोक, टोपी काढ, आणि कुत्रं तुझे बूट हुंगत असेल तर हुंगू दे. ऑगस्टमध्ये ये, आम्ही कुंपणाच्या तारा ओढत असतो तेव्हा, म्हणजे तुलाही एक पक्कड हातात घेता येईल. हंगाम उद्यावर आल्यावर उगवलास तर मी दार उघडेन, पण तोंड वाकडं करूनच. फाटक उघडं दिसलं तर उघडं ठेव, बंद दिसलं तर बंद कर. स्वतःची अक्कल चालवू नकोस. एका शहाण्यानं उघडं फाटक सभ्यपणे लावून घेतलं, आणि माझ्या गाई भर उन्हात पाण्यावाचून पलीकडे हंबरत राहिल्या. पाऊस पडल्यावर आमच्या चिकणमातीच्या रस्त्यावर गाडी घालू नकोस. घातलीस तर ओढायला ट्रॅक्टर मागायला येऊ नकोस. आणि बोट आणलीस तर पाण्यात सोडण्याआधी तिच्या बुडाचं बूच लाव. हसू नका. आणताना आतलं पाणी गळून जावं म्हणून कायद्यानं ते बूच काढून ठेवावं लागतं, आणि पोचल्यावर लावायचं दरवर्षी कुणीतरी विसरतंच.

हे सगळं मी इतक्या वेळा सांगितलंय की आता सांगताना माझाच आवाज मला नकोसा होतो. मी आर्डिस. मॉन्टानाच्या पूर्वेला, यलोस्टोन नदीच्या कडेला आमची गुरांची जमीन आहे. आमची म्हणजे माझी आणि हार्लनची. लग्न करून आले तेव्हा वाटलं होतं गाई सांभाळायच्या, गवत कापायचं, संपलं. हरणांच्या मागे येणाऱ्या माणसांना सांभाळावं लागतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

परवानगी मात्र हार्लन द्यायचा. ते त्याचं खातं. आमच्याकडे कुणी कागद लिहून घेत नाही. माणूस दारात येतो, हार्लन त्याच्याकडे नीट बघतो, दोन गोष्टी विचारतो, मग एकतर "बरं" म्हणतो किंवा "जागा दिली गेली" म्हणतो. एका जागेला एकच टोळी, आणि एकदा "बरं" म्हटलं की आभाळ कोसळलं तरी ते फिरत नाही. एका वर्षी एका मोठ्या हुद्द्याच्या माणसाला त्यानं परत पाठवलं, कारण ती जागा त्यानं दुकानातल्या एका पोऱ्याला दिली होती. त्या गोष्टीवर अख्ख्या तालुक्यात त्याचं नाव झालं. हार्लन हो म्हणाला म्हणजे हो, हे लोक एकमेकांना सांगायचे, आणि मी भांडी घासताना ते ऐकून मनात फुगायचे. खोटं कशाला बोलू.

या वसंतात हार्लन ट्रॅक्टर सुरू करायला गेला आणि ट्रॅक्टरपाशी नुसताच उभा राहिला. मी खिडकीतून बघत होते. बऱ्याच वेळानं परत आला आणि म्हणाला, "आर्डिस, मी बाहेर कशाला गेलो होतो गं?" मी म्हटलं, "मला काय विचारतोस, म्हातारा झालास." दोघं हसलो. मग ते रोजचं झालं, आणि हसू गेलं.

मी कुणाला सांगितलं नाही. आमची लेक लोरीन लांब स्पोकेनला असते. ती फोन करून विचारते, बाबा कसे आहेत, आणि मी म्हणते, गुरांकडे गेलाय. प्रत्येक वेळी गुरांकडे. बंदुकीच्या कपाटाची किल्ली मी पिठाच्या डब्यात दडवली. चर्चमध्ये कुणी बोलायला आलं की मी आधी नाव घेऊन ओरडायचे, "अगबाई, ही बघ कॉर्डेलिया आली!" म्हणजे त्याला नाव कळावं. दिवस असा संपायचा की रात्री पाठ टेकवताना हाडं दुखायची, आणि काम तर काहीच केलेलं नसायचं, नुसती राखण.

लोक म्हणतील, का लपवलंस? अहो, त्याच्याजवळ दुसरं काय होतं? जमीन बँकेच्या मर्जीवर, गाई पावसाच्या मर्जीवर. त्याचा स्वतःचा असा एक शब्दच होता. तोही गेला असं तालुका म्हणायला लागला असता तर तो उरला असता तरी कशाला?

हंगाम शनिवारी पहाटे सुरू होतो. शुक्रवारी दुपारी मी बटाटे सोलत होते तेव्हा फोन वाजला. ग्लेनडाइव्हच्या कुंट्झ भावांपैकी थोरला, ब्रेट.

"आर्डिस, गाडी गोठ्यामागे लावू ना? हार्लन म्हणाला होता तशी?"

"लाव की. कुठं जाताय?"

"खालच्या काठाला. हार्लननं दिलाय ना आम्हाला."

माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. खालचा काठ म्हणजे नदीलगतची कॉटनवुडच्या झाडांची चिंचोळी पट्टी. आमची सगळ्यात चांगली जागा. ती दरवर्षी एकाच माणसाची असते, मर्वची. मर्व स्टालेकर पलीकडच्या खोऱ्यात राहतो. तो आणि हार्लन पोरं होती तेव्हापासून हंगामाची पहिली सकाळ तिथं एकाच ओंडक्यावर बसून काढतात. हार्लनचा पाय मोडला होता त्या वर्षी आमचं सगळं गवत मर्वनं आणलं, स्वतःचं शेतात भिजू देऊन.

मी म्हटलं, "बरं," आणि फोन ठेवला. दुसरं काय म्हणणार?

बटाटे उकळायला टाकते न टाकते तोच बिलिंग्जहून टॅमरा नावाच्या नर्सबाईचा फोन. ती आणि तिचा नवरा येणार, सकाळी कुठल्या फाटकातून जायचं? मी विचारलं, कुठली जागा दिली? "नदीची, झाडांची. मिस्टर हार्लननी हात मिळवला आमच्याशी. मी नवऱ्याला म्हटलं, असे लोक आता राहिले नाहीत." मी खुर्चीवर बसले.

मग अंगणात एक भलीमोठी गाडी आली, मागे चकचकीत बोट. आतून मिनियापोलिसचे एक दातांचे डॉक्टर उतरले, पेल्टियर नावाचे, डोक्यापासून पायापर्यंत नवं कोरं. कपड्यांच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. शिकारीत घालावं लागणारं नारिंगी जाकीट इतकं झगमगत होतं की कोंबड्या पळाल्या. "मॅडम, बोट काठावर ठेवू ना? मिस्टर हार्लन म्हणाले होते, पहाटे पाण्यातून खालच्या काठाला उतरा."

"बूच लावलंय?" मी विचारलं.

"काय?"

"बोटीचं बूच."

ते वाकून बघायला गेले. लावलं नव्हतं.

मी हार्लनला गाठलं. तो गोठ्यात दोरी गुंडाळत होता. सोडत होता आणि पुन्हा गुंडाळत होता.

"हार्लन, खालचा काठ तू कुणाला दिलास?"

"हा काय प्रश्न झाला? मर्वला."

"आणि कुंट्झ भावांना?"

"कुठले कुंट्झ?"

"नर्सबाईला? दातांच्या डॉक्टरला? अरे, सगळे म्हणतात तू हो म्हणालास!"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्याच्यावर काहीतरी आळ घेतेय. मान लाल झाली. "मी एक जागा चौघांना देईन? चाळीस वर्षं माझ्यासोबत राहिलीस आणि हे ओळखलंस?" मग हळू आवाजात म्हणाला, "कुणी म्हणालं का तसं? मी शब्द फिरवला असं कुणी म्हणालं?"

"नाही रे," मी म्हटलं. "कुणी नाही म्हणालं. दोरी दे इकडे."

त्या चिंचोळ्या पट्टीत, अंधार फाटायच्या वेळेला, चार टोळ्या रायफली घेऊन. दोन पायी, एक पाण्यातून, आणि ओंडक्यावर दोन म्हातारे. कुणाचीही गोळी कुणालाही लागली असती. आणि कुणाला नको म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण एकच होतं. एक मरण टाळायला दुसरं मरण, असं झालं होतं. मी मर्वला फोन केला.

दिवस कलताना तो आला. आत येऊन टोपी गुडघ्यावर ठेवून बसला. हार्लन बाहेर कुत्र्याशी बोलत होता. मी आधी इकडचं तिकडचं बोलले, हार्लनचा गोंधळ झाला, कामं फार, थकलाय. मर्व ऐकत होता. मग म्हणाला, "आर्डिस, तुला किती दिवस हे एकटीनं ओढायचंय?"

बस्स. माझा बांध फुटला. रडले, आणि रडता रडता त्याच्यावरच चिडले. "तुला ठाऊक होतं? मग बोलला का नाहीस, घुम्या?"

"ऑगस्टमध्ये तारा ओढताना मी नेहमीसारखं विचारलं, यंदा खालचा काठ मिळेल का? तो म्हणाला, हे काय विचारणं झालं? मग भाकरी खायला बसलो, तर मला विचारतो, तुम्ही कुठून आलात?" मर्वनं टोपी फिरवली. "मग पुन्हा ओळखलं. मला वाटलं तुला कळलं नसेल, तर माझ्या तोंडून कशाला."

म्हणजे तोही लपवत होता, माझ्यापासून. आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत बसलो होतो. मला हसावं की त्याच्या डोक्यात तवा घालावा कळेना.

"आता काय करू?"

"कुणालाच नको म्हणू नकोस," मर्व म्हणाला. "जमीन पसरलीय एवढी. सकाळी अंगणात सगळे येतील, तिथं वाटून दे. म्हण, हार्लननं वारा बघून जागा बदलल्यात. हरणाला वास जाऊ नये म्हणून वारा बघून जागा बदलणं यात कमीपणा नाही. कुंट्झ भावांना उत्तरेच्या उतरणीवर पाठव, पोरं तरणी आहेत, चढू दे. नर्सबाईला गवताच्या कुरणाच्या टोकाला. बोटवाल्याला खालच्या बेटावर, आणि सांग, गोळी फक्त पलीकडच्या कड्याच्या दिशेनं."

"आणि खालचा काठ?"

"तिथं मी आणि तो. दरवर्षीसारखं. मी रायफल आणतो, त्याला दुर्बीण देऊ. कॉफी पिऊ, हरीण आलं तर आलं. एवढी एक सकाळ त्याला मिळू दे, आर्डिस. मग लोरीनला फोन कर."

मी हो म्हटलं. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी झोपले.

पहाटे अंगणात दिवेच दिवे. गाड्यांच्या इंजिनांची घरघर, थंडीनं तोंडातून वाफा, आणि मी मोठं कॉफीचं भांडं घेऊन पायरीवर. ब्रेट आणि कर्टिस कुंट्झ आपल्या जुन्या जाकिटात, डॉक्टर त्यांच्या नव्यात, टॅमरा आणि तिचा नवरा एकाच कपातून पीत. ते एकमेकांकडे बघायला लागले होते. ब्रेट मला म्हणाला, "एवढी माणसं?" मी म्हटलं, "कॉफी घे आणि गप्प बस. वारा फिरलाय. हार्लननं जागा बदलल्यात."

आणि मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात दार वाजलं आणि हार्लन बाहेर आला. लोकरी कोट, नारिंगी टोपी, बूट नीट बांधलेले. मी बांधून दिले नव्हते. बोट ओलं करून त्यानं वर धरलं, वारा बघितला, आणि अंगणभर नजर फिरवली.

"उत्तरेकडून," तो म्हणाला. "उतरणीवर कोण जातंय?"

मी पटकन म्हटलं, "कुंट्झ भाऊ. तू म्हणाला होतास तसे."

"बरोबर. पोरांनो, वरून खाली येऊ नका, खालून वर जा. दुसरं फाटक उघडं आहे, उघडंच ठेवा. आणि जखमी हरीण सोडून परत आलात तर पुन्हा तोंड दाखवू नका." मग डॉक्टरांकडे वळला, बोटीकडे नजर टाकली. "बेटाच्या वरच्या टोकाला प्रवाह ओढतो. खालच्या टोकाला लावा. अंगावरचं लाइफ जाकीट बंदुकीपेक्षा महत्त्वाचं, कळलं?" नर्सबाईला कुरणातली बसायची जागा सांगितली, कुठल्या गंजीच्या आडोशाला, सूर्य डोळ्यांत येणार नाही अशी. प्रत्येकाशी हात मिळवला. मी भांडं धरून उभी होते आणि माझे डोळे भरून आले होते. तोच हार्लन. आवाज तोच, भुवई उडवायची तऱ्हा तीच. मला वाटलं, देवा, सहा महिने मीच काहीतरी भलतं समजत होते की काय.

मर्व मागे उभा होता, आपल्या ट्रकला टेकून, दोन माणसांचा डबा आणि थर्मास घेऊन. तो पुढे आला. "मग, म्हाताऱ्या, निघायचं?"

हार्लननं त्याच्याकडे बघितलं. नीट बघितलं, दारात आलेल्या परक्या माणसाकडे बघायचा तसं.

"तुम्ही कोण?"

जायला निघालेले सगळे वळून बघायला लागले.

मर्वनं टोपी काढली. "मी पलीकडच्या खोऱ्यातला," तो म्हणाला. "विचारायला आलो होतो, खालच्या काठाला जागा असेल तर."

"नाही," हार्लन म्हणाला. उद्धटपणे नाही, चांगल्या शब्दांत. "ती जागा दिली गेली. ती मी मर्वसाठी ठेवलीय. मर्व स्टालेकर. तो येईलच एवढ्यात. दुसऱ्या कुणाला ती मी देत नाही, वाईट वाटून घेऊ नका."

ब्रेट कुंट्झनं तोंड उघडलं. "अहो पण हाच तर..." मर्वनं त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली. पोरगा थांबला. त्यानं हार्लनकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्याला सगळं समजलं. सगळ्यांनाच समजलं. नर्सबाईनं नवऱ्याचा हात धरला. डॉक्टरांनी आपली नवी टोपी काढली, का ते त्यांनाही ठाऊक नसेल.

"बरोबर आहे," मर्व म्हणाला. "ज्याची जागा त्याला. मी निघतो."

लोक एकेक करून गेले. कुणी गाडीचं दार आपटलं नाही. मी मर्वच्या मागे ट्रकपर्यंत धावले. "अरे, वळसा घालून जा काठाला! त्याला काय कळणार? मी त्याला घेऊन येते मागनं. ओंडक्यावर बसला की ओळखेल तुला."

मर्वनं डबा सीटवर ठेवला. त्यानं बाहीनं डोळे पुसले. त्याच्या आईच्या अंत्यविधीलाही मी त्याला असं बघितलं नव्हतं. "तो नाही म्हणालाय, आर्डिस."

"अरे, त्याला कळत नाहीये!"

"त्याची जमीन आहे. चारचौघांसमोर नाही म्हणालाय. मीच मोडला तर त्याचा शब्द कोण पाळणार?" ट्रक सुरू करून तो म्हणाला, "माझ्यासाठी ठेवलीय म्हणाला. ऐकलंस ना तू?"

"ऐकलं," मी म्हटलं.

ट्रकचे लाल दिवे फाटकाबाहेर गेले. मी परत आले तेव्हा हार्लन पायरीवर बसला होता, रस्त्याकडे डोळे लावून. उजाडायला लागलं होतं. उत्तरेकडे लांब एक बार झाला, मग दुसरा. खालच्या काठाला कुणीच नव्हतं. झाडं दिसायला लागली होती.

"इतका उशीर मर्व कधी करत नाही," तो म्हणाला.

मी खोटं बोलून थकले होते. "तो येऊन गेला, हार्लन. तूच त्याला परत पाठवलंस."

तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मग हसला, पूर्वीसारखं, खांदे हलवत. "मी? मर्वला नाही म्हणेन? वेड लागलंय का गं तुला?"

"लागलंय खरं," मी म्हटलं, आणि त्याच्या शेजारी बसून मीही रस्त्याकडे बघायला लागले.